वासराच्या रक्तात सीडी४ अन् सीडी८ ची बेरीज जमतच नाही? बाटलीला शिव्या द्यायच्या आधी हे बगा

दर दोन-तीन महिन्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "अरे ते गायीचं सीडी४ चालतच नाही, बाटली खराब आलीय वाटतं, तुमच्याकडं दुसरा क्लोन आहे का," आणि मग मी अर्धा तास तेच ते बोलत बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकायलोय. नवख्यासाठी एवढंच: सीडी४, सीडी८ म्हणजे टी सेल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या अंगावरच्या खुणा, बाटली म्हणजे ती खूण धरून पेशी रंगवणारी अँटीबॉडी, आणि क्लोन म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून निघालेली, स्वतःचं नाव असलेली अँटीबॉडी. हा प्रॉब्लेम आमच्या लॅबमधे कमीत कमी चार वेळा झालाय, चारही वेळा कारण वेगळं निघालं, बाटली फक्त एकदा दोषी होती आणि ती पण आमच्याच फ्रीजमुळं.

आधी प्रॉब्लेम नेमका काय ते सांगतो. लम्पीच्या साथीनंतर लस घेतलेल्या देवणी वासरांचं रक्त आम्ही फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं मशीन) लावायलो होतो. लिम्फोसाइटवर (टी सेल, बी सेल असल्या पांढऱ्या पेशी) गेट टाकला, म्हणजे मोजायला तेवढ्याच निवडल्या, तर सीडी४ पंचवीस टक्क्याच्या आत, सीडी८ पंधराच्या पण खाली, बी सेल धरून सगळं मिळून कसंबसं निम्म्यावर आलं. मग उरलेले निम्मे लिम्फोसाइट गेले कुठं? माणसाच्या रक्तावर शिकलेला गडी लगेच म्हणतो स्टेनिंग फसलं, कारण माणसात टी सेल म्हणजे जवळजवळ सीडी४ अधिक सीडी८, हिशोब वाण्याच्या वहीसारखा चोख. आमच्या मॅडम तेच म्हणल्या, मी पण मान डोलावली, नवी बाटली मागवली, ती बाहेरून यायला दोन महिने लागले, तोवर अर्धी वासरं बाजारात विकून गेली. आणि नव्या बाटलीचा रिझल्ट? जशाला तसा.

तर पहिलं काम म्हणजे प्रॉब्लेमचं तोंड ओळखा. "चालत नाही" असं म्हणून भागत नाही. एक तोंड म्हणजे काहीच रंगलं नाही, सगळा ढीग डाव्या, म्हणजे न रंगलेल्या बाजूलाच बसलाय. दुसरं म्हणजे सगळंच रंगलं, निगेटिव्ह असं काही उरलंच नाही. आणि तिसरं म्हणजे स्टेनिंग सुंदर, दोन ढीग वेगवेगळे, मधी दरी स्वच्छ, फक्त टक्के जमत नाहीत. या तिन्हीला औषध वेगळं आहे, आणि लोक तिन्हीला एकच औषध देतात, नवी बाटली.

काहीच रंगलं नसेल तर क्लोनपासून सुरू करा. हायब्रिडोमाची ट्रिक, म्हणजे एकच अँटीबॉडी कायम बनवत राहणाऱ्या पेशी तयार करायची पद्धत, कोहलर आणि मिल्स्टाइननं १९७५ मधे दाखवली, १९८४ ला येर्नेबरोबर दोघांना नोबेल मिळालं, पण त्यानंतर धडाधड अँटीबॉडी निघाल्या त्या माणसासाठी अन् उंदरासाठी. जनावरांसाठी थोड्याच जागी मन लावून काम झालं. सीसी८, सीसी६३, सीसी१५ असली सीसीवाली नावं इंग्लंडमधल्या कॉम्प्टनची, आयएल-ए वाली नावं नैरोबीच्या इलराडची, तीच संस्था जी १९९४ मधे दुसऱ्या संस्थेत मिसळून इलरी झाली, आणि एमएम१ए, कॅम३६ए, जीबी२१ए ही अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीकडची. हे पाठ करायला सांगत नाही, पण क्लोनचं नाव वहीत लिहीत जा राव. "अँटी सीडी४, एफआयटीसी" (एफआयटीसी म्हणजे हिरवा चमकणारा रंग) एवढंच लिहिलेलं रजिस्टर बघितलं की माझं डोकं फिरतं, सहा महिन्यानं कुणाला कळणार कुठला सीडी४ होता तो.

माणसाच्या सीडी४ ची अँटीबॉडी गायीवर लागेल असं धरूनच चालू नका. काही लागतात, म्हणजे सीडी१४ चा (मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीवरची खूण) टीयूके४ माणसाच्या पेशीवर बनलाय पण गाय, मेंढी, शेळी तिघींवर वापरतात. पण हे नशिबाचं आहे, टी सेलच्या बऱ्याच अँटीबॉडी अशा उडी मारत नाहीत. गायीची म्हशीवर बरेचदा लागते. शेळीवर मात्र दर क्लोनला वेगळं तपासायचं, गायीवर लागली म्हणून उस्मानाबादी शेळीवर लागेलच असं काही नाही. डाटाशीटवर शेळीचं नाव नसेल तर आधी एका शेळीवर ट्रायल घ्या, तीस शेळ्यांचं रक्त गोळा करून मग रडत बसू नका.

मग सेकंडरी. आपल्याकडं डायरेक्ट रंग लावलेली बाटली परवडत नाही, म्हणून बरेच जण साधी अँटीबॉडी घेतात आणि वरून उंदीरविरोधी सेकंडरी लावतात, म्हणजे उंदराच्या त्या पहिल्या अँटीबॉडीला धरणारी, रंग लावलेली दुसरी अँटीबॉडी. इथं आयसोटाइप (अँटीबॉडीचा प्रकार, आयजीएम, आयजीजी१, आयजीजी२ए असला) बघायचाच बघायचा. आमच्याकडं एक क्लोन आयजीएम होता, सेकंडरी आयजीजी१ ची, तीन रविवार गेले त्यात. आणि ह्याचा सख्खा भाऊ म्हणजे दुसरी चूक, जी मी अजून लोकांना करताना बघतो: सीसी८ म्हणजे सीडी४ आणि सीसी६३ म्हणजे सीडी८, दोन्ही आयजीजी२ए. एकाच ट्यूबमधे दोन्ही टाकले आणि वरून आयजीजी२ए ची सेकंडरी मारली तर मशीनला दोघातलं कोण कोण ते कळणार कसं? ते दोन्ही मिळून एकच ढीग दाखवतं, वर आपण म्हणायचं डबल पॉझिटिव्ह निघाले, पेपर लिहू.

फ्रीजचं पण सांगतोच, कारण ती एक बाटली त्यातच गेली. पीई, एपीसी असले रंग लावलेली अँटीबॉडी गोठवायची नसते, २ ते ८ डिग्रीत ठेवायची. आमचा फ्रीज जुना. रात्री लाइट गेली, पहाटे आली की कॉम्प्रेसर जीव खाऊन चालायचा आणि मागच्या भिंतीला बर्फाचा थर धरायचा, आणि आम्ही बाटल्या नेमक्या तिथंच टेकवून ठेवलेल्या, "आत ठेवलं की गार राहतं" म्हणून. पीईची बाटली अशी तीनदा गोठून वितळली असेल. वरून बघायला तशीच गुलाबी, सिग्नल मात्र निम्म्याहून खाली. आता बाटल्या मधल्या कप्प्यात, थर्मोकोलच्या पेटीत, आणि शेजारी पाण्याची एक छोटी कुपी ठेवलीय. सकाळी कुपीत बर्फ दिसला तर समजायचं रात्री काय झालं ते.

आता दुसरं तोंड, सगळंच पॉझिटिव्ह. इथं रक्ताचा प्रवास आधी बघा, अँटीबॉडी नंतर.

मे महिन्यात लातूरकडून रक्त आणायचं म्हणजे काय असतं ते इकडच्या माणसालाच कळतं. पारा चाळिशीच्या वर, एसटीची खिडकी म्हणजे भट्टीचं तोंड. पहिल्या वेळी मी शहाणपणा केला, रसवंतीवाल्याकडून पाच रुपयाचा बर्फ घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि इडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबा सरळ त्यावर आडव्या ठेवल्या. लॅबला येऊन बघतो तर प्लाझ्मा डाळिंबाच्या सरबतासारखा. बर्फाला चिकटलेल्या बाजूनं आरबीसी (लाल पेशी) फुटलेल्या, पांढऱ्या पेशींचं पण काही खरं नव्हतं. पुढच्या वेळी घाबरून बर्फच नेला नाही, तर दुपारच्या गाडीत रक्त शिजलं. दोन्ही वेळा प्लॉटवर सगळं धुकं, कारण मेलेली पेशी ही चिकट असते, तिला कुठलीही अँटीबॉडी दाखवा, ती धरून बसते.

आता जे करतो ते असं: थर्मोकोलचा डबा, तळाला एक जेल पॅक, त्यावर गमछाची तीन-चार घडी, त्यावर ट्यूबा उभ्या, वरून वर्तमानपत्र कोंबायचं. आत साधारण खोलीइतका गारवा पाहिजे, १८ ते २५ च्या मधे, फ्रीजसारखा नको. लिम्फोसाइटला थंडीपेक्षा हे बरं मानवतं. सकाळी सातच्या आत रक्त काढायचं, त्याच दिवशी प्रोसेस करायचं, फार तर चोवीस तास. मानेच्या शिरेतून घ्या, सुई बारीक नको, आणि सिरिंजमधून ट्यूबमधे भरताना सुई काढून हळू सोडा, दाबून पिचकारी मारली की पेशी तिथंच फुटतात. ट्यूब रेषेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करायची, हलवायची नाही. आणि गायीचं रक्त उभं ठेवून प्लाझ्मा वर येण्याची वाट बघू नका, दिवसभर बसाल. घोड्याचं रक्त बघता बघता खाली बसतं, गायीच्या आरबीसी एकमेकीवर नाण्यांसारख्या रचल्या जात नाहीत म्हणून बसतच नाही. नवीन आलेली पोरं हे बघून "सर रक्त खराब आहे" म्हणतात, ते खराब नसतं.

मेलेल्या पेशी ओळखायला व्हायबिलिटी डाय टाकायचाच. पण डाय कुठला ते बगा. आमच्याकडं मशीन नाही, मशीन दुसऱ्या शहरात, म्हणून आम्ही इथंच स्टेन करून पॅराफॉर्माल्डिहाइडनं फिक्स करतो (पेशी आहे तशा टिकवतो) आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या डब्यात घेऊन जातो. एकदा मी प्रोपिडियम आयोडाइड हा डाय टाकला आणि मग फिक्स केलं. मशीनवर सगळ्या पेशी मेलेल्या. सगळ्या! मॅडम माझ्याकडं बघायल्या, मी मशीनवाल्याकडं. फिक्स केलं की जिवंत पेशीच्या पडद्याला पण भोकं पडतात, डाय इकडून तिकडं पळतो आणि जिवंत-मेलेलं सारखंच दिसतं. फिक्स करायचं असेल तर फिक्सेबल डायच घ्या, तोच, पेशीच्या प्रोटीनमधल्या अमाइनला चिकटून बसणारा.

प्रवास ठीक असून पण सगळं रंगलं तर सेकंडरीकडं या. शेळीत बनवलेली उंदीरविरोधी सेकंडरी गायीच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनला (म्हणजे अँटीबॉडीलाच) पण थोडीफार धरते, उंदराचं आणि गायीचं इतकं काही परकं नाही एकमेकाला. आणि बी सेलच्या अंगावर इम्युनोग्लोब्युलिन असतंच. म्हणजे तुम्ही कुठलीही पहिली अँटीबॉडी लावा, नाही लावली तरी, बी सेल रंगून बसणार. उपाय सोपा, गायीच्या सीरमनं शोषून काढलेली सेकंडरी घ्यायची, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. आणि दर वेळी एक ट्यूब फक्त पेशी अधिक सेकंडरी, पहिली अँटीबॉडी नाही. ही ट्यूब वाचवायची म्हणून लोक वगळतात आणि मग दहा ट्यूबा फेकतात. एक गंमत सांगतो, शेळीच्या सॅम्पलला शेळीत बनलेली सेकंडरी जास्त स्वच्छ चालते, कारण शेळी स्वतःच्याच प्रोटीनवर अँटीबॉडी बनवत नाही. तिथं आयतीच सोय.

आख्खं रक्त इनडायरेक्ट पद्धतीनं रंगवत असाल तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. प्लाझ्मात इतकं आयजीजी असतं की सेकंडरी पेशीपर्यंत जायच्या आधीच त्यात मुरून जाते. ब्लॉकिंगसाठी (अँटीबॉडी नको तिथं चिकटू नये म्हणून) उंदराचं सीरम वापरू नका, पुढं उंदीरविरोधी सेकंडरी लावणार असाल तर तर अजिबात नको, ती त्याच सीरमला जाऊन मिठी मारेल. ज्या जनावरात सेकंडरी बनली त्याचं सीरम घ्या. आणि अँटीबॉडी जास्त ओतली म्हणजे जास्त चांगलं असं नसतं की ओ, दहा लाख पेशी, शंभर मायक्रोलिटर, आणि निम्मं-निम्मं करत पाच-सहा पातळ्या लावून बगा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमधली दरी जिथं सगळ्यात रुंद तोच तुमचा डोस. बहुतेक वेळा तो बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा कमी निघतो, म्हणजे पैसे पण वाचतात.

शेळीत अजून एक भूत आहे. पावसाळ्यात जंताचा भार असलेल्या शेळीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतात, आणि इओसिनोफिल कुठलाही रंग न लावता स्वतःच चमकतो, एफआयटीसीच्या खिडकीत बरोबर. आम्ही एकदा हे "नवीन पॉप्युलेशन" म्हणून तीन दिवस चर्चा केली. शेवटी रंग न लावलेली ट्यूब लावली तर ती पण तशीच चमकायली. दर सॅम्पलबरोबर एक जिम्सा रंगाची स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) करून ठेवा, दहा मिनिटाचं काम आहे, इओसिनोफिल पण दिसतात आणि गोचीडवाल्या जनावरात थायलेरिया (गोचीडातून येणारा परजीवी) पण सापडून जातो. थायलेरिया अॅन्युलाटा पांढऱ्या पेशीतच राहतो आणि त्या पेशीला बेफाम वाढवतो, तसलं जनावर तुमच्या अभ्यासात नॉर्मल म्हणून बसलं असेल तर सगळं गणितच गेलं.

आता टक्के कमी दिसायचं एक साधं कारण, जे लई लोक सोडून देतात. आरबीसी नीट फुटलेल्या नाहीत. माणसाच्या किटमधलं लायसिंग (आरबीसी फोडणारं) सोल्युशन घेतलं, दहा मिनिटं ठेवलं आणि झालं असं म्हणलं की गायीच्या बऱ्याच आरबीसी तशाच राहतात. शेळीच्या तर मुळातच बारीक, माणसाच्या आरबीसीच्या जवळपास निम्म्या व्यासाच्या, त्या आणि प्लेटलेट मिळून स्कॅटरवर (पेशींचा आकार दाखवणारा प्लॉट) लिम्फोसाइटच्या पायाशी येऊन बसतात. तुमचा गेट थोडा खाली सरकला की हे सगळे उपरे आत. मग सीडी४ कमी, सीडी८ कमी, बी सेल पण कमी, सगळंच एकसारखं कमी. ही खूण लक्षात ठेवा: सगळं एकाच मापानं कमी आलं तर ज्या एकूण आकड्यानं भागतो त्यात कचरा आहे. सीडी४५ ची (सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण) अँटीबॉडी टाकून सीडी४५ पॉझिटिव्हवरच गेट करा, कचरा आपोआप बाहेर. सोल्युशन घरचं बनवायचं असेल तर लिटरला अमोनियम क्लोराइड ८.३ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, इडीटीए ०.०३७ ग्रॅम, पीएच ७.२ ते ७.४, डिस्टिल्ड पाण्यात. बोअरचं पाणी फिल्टरमधून काढून "शुद्धच आहे की" म्हणू नका, आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती ते गीझरची कॉइल बघितली की कळतं. गायीला दोनदा लायसिस करावं लागलं तर करा, पण दोनदा थोडं थोडं. एकदाच अर्धा तास ठेवलं तर पांढऱ्या पेशी पण जातात.

फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) लिम्फोसाइट वेगळे करत असाल तर रक्त आणि फायकॉल दोन्ही खोलीच्या तापमानाला आणा. फ्रीजमधून काढून डायरेक्ट लावलं की थर नीट बसत नाही, अर्ध्या पेशी आरबीसीबरोबर तळाला, आणि मग राहिलेल्यातलं प्रमाणच बदललेलं.

एवढं सगळं केलं आम्ही. सेकंडरी बदलली, डबा बदलला, लायसिस सुधारलं, सीडी४५ टाकला. प्लॉट एकदम सुंदर आले, कुठं धुकं नाही. आणि बेरीज? तरीही निम्म्यावरच. तिसरं तोंड.

हे सुटलं ते आमच्या हुशारीनं नाही. उदगीरकडच्या एका गावात आबांच्या गोठ्यावर गेलो होतो, तीन महिन्याचं वासरू होतं, काळे ठिपके, डोळ्यावरून पट्टा, अस्सल देवणी. वासराचं रक्त काढलं आणि एक ट्यूब उरली होती, म्हणलं गायीचं पण घेऊ, घरचा कंट्रोल होईल. आबा म्हणले, "काय ओ साहेब, वासराचं रगत घ्यायलाव म्हणलाव, आता गायीचं कशाला? दूध आटंल तिचं." त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला, चहा झाला, मग त्यांनीच मान धरून दिली. त्या दिवशी दोन्ही एकाच डब्यातून आली, एकाच बाटलीतून रंगली, एकाच मशीनवर गेली. आईची बेरीज बरीचशी जमली. वासराची जमली नाही. बाटली एक, बफर एक, हात एक, आणि दोघींचा हिशोब वेगळा. मग बाटलीचा दोष कसा असेल?

त्या रात्री मॅडमनी डब्ल्यूसी१ काढला, सीसी१५ क्लोन, जो आमच्याच फ्रीजमधे दीड वर्ष न उघडता पडून होता कारण "आपल्याला कशाला लागतोय" म्हणून. दुसऱ्या दिवशी वासराच्या त्याच सॅम्पलवर लावला. सीडी४ निगेटिव्ह, सीडी८ निगेटिव्ह जो रिकामा कोपरा होता, तो उजवीकडं सरकून पूर्ण उजळला. मी स्क्रीनकडं बघतच राहिलो. मशीनवाला पोरगा म्हणला, "सर, हे कोण आता?"

हे म्हणजे गॅमा-डेल्टा टी सेल. माणसाच्या रक्तात या टी सेलमधे १ ते ५ टक्क्याच्या आसपास असतात, म्हणून माणसाच्या पुस्तकात एक परिच्छेद लिहून सोडून देतात. गाय, मेंढी, शेळी यांच्यात मात्र या लई असतात, त्यातही लहान वासरात इतक्या की रक्तातल्या लिम्फोसाइटचा निम्म्याच्या आसपास हिस्सा यांचाच असू शकतो, आणि वय वाढेल तसा तो उतरत जातो. रक्तातल्या बहुतेक गॅमा-डेल्टा पेशी डब्ल्यूसी१ दाखवतात, आणि डब्ल्यूसी१ वाल्या पेशीवर सीडी४ पण नसतो अन् सीडी८ पण नसतो. म्हणजे आपण ज्यांना शोधायलो होतो त्या हरवल्याच नव्हत्या, आपल्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. डब्ल्यूसी म्हणजे वर्कशॉप क्लस्टर, जगभरच्या लॅबनी आपापले क्लोन एकत्र आणून ताडून बघितले तेव्हा ज्यांना माणसातला जोडीदार सापडला त्यांना सीडी नंबर मिळाला, ज्यांना नाही त्यांना हे डब्ल्यूसी नाव राहिलं. मेंढीच्या जुन्या कामात हाच टी१९ नावानं सापडेल, गोंधळू नका.

तर बेरीज जमवायची असेल तर पॅनेल असं लावा. एका ट्यूबमधे सीडी३ (सगळ्या टी सेलवरची खूण) साठी एमएम१ए, तो आयजीजी१ आहे, आणि डब्ल्यूसी१ साठी सीसी१५, तो आयजीजी२ए, म्हणजे आयसोटाइपची सेकंडरी लावून दोघं वेगळे पडतात, डायरेक्ट रंग परवडत नसला तरी जमतं. दुसऱ्या ट्यूबमधे जीबी२१ए, तो गॅमा-डेल्टाच्या रिसेप्टरलाच धरतो, म्हणजे डब्ल्यूसी१ न दाखवणाऱ्या थोड्या गॅमा-डेल्टा पण पकडल्या जातात. सीडी४ आणि सीडी८ नेहमीचेच, बी सेल साठी सीसी२१ म्हणजे सीडी२१, आणि एनके (नॅचरल किलर पेशी) साठी सीडी३३५. मोनोसाइट सीडी१४ नं बाहेर काढायचे, नाहीतर ते गेटमधे घुसून बसतात. सीडी४, सीडी८, गॅमा-डेल्टा, बी सेल आणि एनके मिळून शंभराच्या आसपास यायला पाहिजे, सीडी३ त्यात परत मिळवायचा नाही. थोडं वर गेलं तरी घाबरू नका, डब्ल्यूसी१ नसलेल्या काही गॅमा-डेल्टा सीडी८ दाखवतात, त्या दोनदा मोजल्या जातात. ऐंशीच्या खाली आलं तर मात्र परत वरचं सगळं वाचा.

एक गोष्ट मालकाला विचारल्याशिवाय कळत नाही, मागच्या आठवड्यात जनावराला कुठलं इंजेक्शन दिलं का. गावात ताप आला, लंगडलं, खात नाही, काहीही झालं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलं जातं. स्टेरॉइडनं रक्तातल्या गॅमा-डेल्टा पेशी खाली जातात आणि न्यूट्रोफिल वर येतात. मग वासरू असून पण प्लॉट म्हाताऱ्या गायीसारखा, आणि आपण म्हणणार आता डब्ल्यूसी१ ची बाटली खराब झाली. नांदेडकडच्या एका लाल कंधारी वासराचं असंच झालं होतं, मालक म्हणला "इंजेक्शन नाही दिलं," त्याची बायको आतून म्हणली, "काहून नाही, सोमवारी नाही का डॉक्टर आल्ते." विचारायचं तर घरातल्या दोघांना विचारा. जनावराला धरताना पण फार झोंबाझोंबी झाली, दहा मिनिटं पळापळ झाली, तर ते पण लिहून ठेवा.

आता आमच्याकडं दर रनला एक कायमची गाय असते, गंगी, आमच्या फार्मवरची, सात-आठ वर्षाची, शांत. तिचं रक्त दर वेळी लागतं. गंगीचे आकडे नेहमीसारखे आले तर बाटल्या, बफर, मशीन सगळं ठीक आहे आणि नवल असेल ते सॅम्पलमधे आहे. गंगीचेच आकडे हलले तर सॅम्पलला हात लावू नका, आधी आपलं घर बघा. मागच्या वर्षी ती गाभण होती तेव्हा थोडं इकडं तिकडं व्हायलं, म्हणून आता जोडीला तिची एक बहीण पण ठेवलीय.

आणि फॉर्मबद्दल. आमच्या जुन्या सॅम्पल फॉर्मवर मालकाचं नाव, गाव, जात, लिंग, कानातला बिल्ला नंबर, लस कधी दिली, सगळं होतं. वयाचा रकाना नव्हता. दीडशेच्या वर सॅम्पल त्या फॉर्मवर गोळा केले आम्ही, आणि त्यातलं कुठलं तीन महिन्याचं आणि कुठलं दीड वर्षाचं हे आता कुणालाच सांगता येत नाही. बिल्ला नंबरवरून काही सापडले, बाकीचे गेले. आता पहिलाच रकाना वयाचा आहे. मालकाला नक्की माहीत नसलं, आणि बऱ्याच वेळा नसतंच, "मागच्या पोळ्याच्या आधीचं असंल" एवढंच उत्तर येतं, तर तोंड उघडून दात बघायचे आणि आदत (अजून दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती, जुळलेलं, जे असेल ते लिहायचं. आदत असेल तर पोळ्याचा का होईना अंदाज पण लिहा, दोन महिन्याचं आदत आणि वीस महिन्याचं आदत यात लई फरक पडतो.